मॅगदलाची लढाई आणि दापोलीचे एक पदक

वीज खात्यात मीटर वाचण्याचे काम मी एकवीस वर्षे केले. दापोली, मंडणगड आणि खेड या तीन तालुक्यांत माझे पाय लागले नाहीत अशी वाडी क्वचितच असेल. आमच्याकडे मीटर बहुधा ओटीच्या भिंतीला, दाराच्या वर असतो. तो वाचायला मान वर करावी लागते आणि मान वर केली की भिंतीवरचे सगळे दिसते. पलटणीच्या पोशाखातले आजोबा, चौकटीत बसवलेला पेन्शनचा कागद, गिरणीचा बिल्ला. मला इतिहासाचे वेड लागले ते असे. मी पदवीधर नाही, बारावीनंतर नोकरीला लागलो. इंग्रजी शिकलो ते शब्दकोश मांडीवर घेऊन, १८८० चे रत्नागिरी जिल्ह्याचे गॅझेटियर वाचता यावे म्हणून.

दापोली तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत एक आजी आहेत. वय ऐंशीच्या पुढे. घरच्यांच्या इच्छेवरून वाडीचे आणि त्यांचे नाव येथे देत नाही. एकदा मी मीटर वाचून उतरत होतो तेव्हा त्यांनी आतून एक पुरचुंडी आणली आणि म्हणाल्या, "भाव, तू वाचनारा मानूस. ह्यावर काय लिवलंय ता बघ."

पुरचुंडीत जुन्या रुपयाएवढे चांदीचे पदक होते. वर मुकुट, मधोमध डोक्यावरून पदर घेतलेली व्हिक्टोरिया राणी, तिच्याभोवती नऊ टोकांचा तारा आणि टोकांमधल्या जागेत एकेक इंग्रजी अक्षर. अक्षरे जुळवली तर शब्द झाला 'अ‍ॅबिसिनिया'. मागच्या बाजूला पानांची माळ होती. माळेच्या आत शिपायाचे नाव आणि पलटण असते हे मला ठाऊक होते. तिथे गुळगुळीत चांदी होती. आजींच्या सासऱ्यांच्या आज्याचे ते पदक. घरात ते पूर्वी दसऱ्याला राख-चिंचेने घासत, आता १३ एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी घासतात. दीडशे वर्षांच्या घासण्याने माणसाचे नाव गेले होते. परक्या देशाचे नाव तेवढे राहिले होते.

"आमच्या आज्यानं तितं कुनासंगती लढाय केलान?" आजींनी विचारले. मला उत्तर येत नव्हते. पुढची काही वर्षे मी ते शोधत होतो. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

*

अ‍ॅबिसिनिया म्हणजे आजचा इथिओपिया. कोकणाला हा देश अनोळखी नव्हता. अरबीत त्याला 'हबश' म्हणतात आणि आपला 'हबशी' हा शब्द तिथूनच आला. गुलाम म्हणून विकला जात दख्खनेत आलेला आणि पुढे निजामशाहीचा आधारस्तंभ झालेला मलिक अंबर मूळचा तिकडचा. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या मुलखाला 'हबसाण' म्हणत. आमच्या गुहागरजवळचा अंजनवेलचा किल्ला तुळाजी आंग्रे यांनी जिंकेपर्यंत सिद्दींच्याच ताब्यात होता. म्हणजे कोकणी माणसाने हबशी पाहिला तो किल्लेदार आणि राज्यकर्ता म्हणून. एकोणिसाव्या शतकात मात्र कोकणातली माणसे बंदुका घेऊन हबशांच्या मूळ देशात गेली. ती आपल्या भांडणासाठी गेली नव्हती.

भांडण होते एका पत्राचे. सम्राट तेवोद्रोस दुसरा १८५५ मध्ये गादीवर बसला. इंग्रज त्याला थिओडोर म्हणत. आपसांत लढणाऱ्या सरदारांना मोडून एकसंध राज्य उभे करायचे, तोफा ओतायचे कसब युरोपीय कारागिरांकडून शिकून घ्यायचे, ही त्याची स्वप्ने. माणूस कर्तबगार, तसाच तापट आणि पुढे पुढे क्रूर. १८६२ मध्ये त्याने व्हिक्टोरिया राणीला मैत्रीचे पत्र पाठवले. लंडनहून उत्तर आले नाही. एक वर्ष गेले, दुसरेही गेले. १८६४ च्या जानेवारीत त्याने इंग्रजांचा वकील कॅमेरॉन याला बेड्या घातल्या. समजूत घालायला एडनहून होर्मुझ्द रस्सम याला पाठवण्यात आले. त्याच्यासोबत लेफ्टनंट प्रीडो आणि डॉक्टर हेन्री ब्लांक होते. हे दोघेही मुंबई इलाख्याच्या नोकरीतले. शेवटी तेही कैदेत पडले.

या प्रकरणात मुंबई पहिल्यापासून होती, याचे कारण एडन. १८३९ मध्ये एडन घेतले ते मुंबईच्या फौजेने आणि त्याचा कारभारही मुंबई सरकारकडे होता. तांबड्या समुद्राच्या तोंडावरचे ते मुंबईचे ठाणे होते. म्हणून १८६७ च्या ऑगस्टमध्ये लंडनने युद्ध ठरवले तेव्हा ते लढायचे काम मुंबईवर आले. सेनापती नेमला तो मुंबई लष्कराचा सरसेनापती सर रॉबर्ट नेपियर.

*

मुंबई लष्कराच्या पलटणी जातवार नव्हत्या. एकाच पलटणीत मराठा, महार, मुसलमान, उत्तरेकडचे 'परदेशी' आणि कोकणातले बेने इस्रायल असे सगळे असत. या लष्कराला माणसे पुरवणाऱ्या मुलखांत रत्नागिरी जिल्हा आघाडीवर होता. दापोली हे तर फौजेचेच गाव. तिथे छावणी होती, म्हणून जुनी माणसे आजही दापोलीला 'कॅम्प' म्हणतात. पेन्शन घेतलेले सुभेदार, हवालदार तिथे घरे बांधून राहत. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ दापोलीतच राहिले.

गावात ज्याची सावली नको, त्याच्या हातात पलटणीत बंदूक होती. दरमहा रोख पगार होता, पलटणीच्या शाळेत अक्षरओळख होती. आजींच्या घरातला तो पूर्वज कोणत्या मोहिमेवर नेतात हे विचारून भरती झाला नसणार. गावकीच्या कामातून सुटायची वाट त्याला पलटणीच्या दारातून दिसली असेल.

१८६७ च्या पावसाळ्यानंतर मुंबई बंदरात गलबतांची दाटी झाली. एकूण फौज सुमारे १३ हजार, तिच्यामागे बाजारबुणगे, खेचरवाले, भिस्ती, डोलीवाले आणि गवतकापे मिळून २६ हजार, आणि जनावरे ४० हजारांहून अधिक. त्यांत ४४ हत्ती, जहाजांवर चढवून नेलेले. प्रत्येक लढणाऱ्या माणसामागे दोन न लढणारी माणसे, असा हा हिशेब. पदकावर निदान शिपायाचे नाव कोरले जाई. खेचरामागे चालणाऱ्याचे नाव कुठेच नाही.

नेपियर २१ डिसेंबरला मुंबईहून निघाला आणि २ जानेवारी १८६८ ला झुलाच्या किनाऱ्यावर उतरला. त्याच्या आधीच आघाडीची तुकडी तिथे पोचली होती. तिच्यात मुंबईची दहावी देशी पलटण आणि मुंबईचे सॅपर्स म्हणजे सुरुंगवाले होते. झुलाला गोडे पाणी नव्हते. जहाजांच्या बॉयलरमध्ये समुद्राचे पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून पाणी प्यायला द्यावे लागे. खेचरे तहानेने आणि साथीने हजारोंनी मेली. किनाऱ्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत सुमारे अकरा मैल आगगाडीचा रस्ता टाकला गेला. त्याचे रूळ मुंबईहून आलेले, अनेक नमुन्यांचे, एकमेकांशी धड न जुळणारे. पुढे सुरूची खिंड. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि वाटेत घराएवढे धोंडे. ते फोडून सॅपर्सनी गाड्या जातील असा रस्ता सेनाफेच्या पठारापर्यंत नेला. आमच्या कुंभार्ली घाटातून जाताना मला हटकून ती खिंड आठवते. तो रस्ता झाला नसता तर मॅगदलाची लढाई झालीच नसती. पुस्तकांत मात्र रस्त्याला चार ओळी आणि लढाईला चाळीस पाने असतात.

*

झुलापासून मॅगदला सुमारे चारशे मैल. मॅगदला म्हणजे सपाट माथ्याचा, चहूबाजूंनी कडे तुटलेला डोंगर. त्याचे चित्र पाहिले की आपल्याला आपले गिरिदुर्गच आठवतात. तेवोद्रोसही तिकडेच निघाला होता. 'सेबास्टोपोल' नावाची आपली प्रचंड उखळी तोफ माणसांकडून ओढवत, वाटेत स्वतः रस्ते करत तो मार्चच्या अखेरीस गडावर पोचला. तोवर त्याचे राज्य गडापुरते उरले होते. बाकीचे सरदार फिरले होते. इंग्रजांना वाटेत धान्य, गवत आणि वाट मिळाली ती त्या सरदारांकडून. मराठेशाहीच्या अखेरीचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना यात नवे काही दिसणार नाही.

१० एप्रिल १८६८, गुड फ्रायडे. गडाखालच्या अरोगीच्या माळावर इंग्रजांच्या तोफा आणि सामानाची खेचरे पुढे आलेली तेवोद्रोसने वरून पाहिली. त्याला वाटले, याला पहारा नाही. त्याचे हजारो योद्धे भाले, ढाली आणि जुन्या बंदुका घेऊन उतारावरून धावत आले. समोर होती स्नायडर बंदूक. पाठीमागून काडतूस भरायची ही नवी बंदूक, मोठ्या लढाईत प्रथमच चालवली जात होती. ठासणीच्या बंदुकीतून एक गोळी सुटते तेवढ्यात हिच्यातून तीन सुटत. वरून नौसैनिकांचे अग्निबाण. वादळी पावसात काही तास हे चालले. तेवोद्रोसचे सुमारे ७०० मेले, १२०० जखमी झाले. इंग्रजांच्या बाजूचे २० जखमी, त्यांतले दोघे पुढे मेले. लढाईचा निकाल त्या संध्याकाळीच लागला.

येथे एक गोष्ट सांगायला हवी. स्नायडर बंदुका होत्या त्या गोऱ्या पलटणींकडे. हिंदी पलटणींच्या हातात जुन्या, नळीच्या तोंडातून ठासायच्या बंदुका होत्या. १८५७ नंतरचे धोरणच तसे होते. हिंदी शिपायाचे हत्यार गोऱ्याच्या हत्याराहून एक पायरी खालचे ठेवायचे. सामानाच्या खेचरांवर हल्ला आला तेव्हा पंजाब पायोनियर पलटणीने तो संगिनींनी परतवला. ज्याच्यावर सरकारचा विश्वास नाही त्याच्याच जिवावर सरकारची लढाई, असा तो प्रकार होता.

तेवोद्रोसने युरोपीय कैदी सोडून दिले. ईस्टरची भेट म्हणून गुरे पाठवली आणि तह झाला असे त्याला वाटले. नेपियरने गुरे परत केली आणि बिनशर्त शरणागती मागितली. ज्यासाठी मोहीम काढली ते कैदी हाती आले होते, तरी १३ एप्रिलला गडावर हल्ला झाला. तेवोद्रोसने आपल्या माणसांना जाण्याची मोकळीक दिली होती. सोबत मूठभर उरले होते. दरवाजा पडला तेव्हा त्याने स्वतःवर पिस्तूल झाडले. ते पिस्तूल व्हिक्टोरिया राणीने त्याला पूर्वी भेट दिलेले होते.

मग लूट झाली. हस्तलिखिते, मुकुट, चर्चमधली पात्रे आणि वस्त्रे डोंगराखाली आणून त्यांचा लिलाव केला गेला. लिलावात बोली लावायला ब्रिटिश म्युझियमचा माणूस मोहिमेबरोबर आलेलाच होता. लूट वाहायला पंधरा हत्ती आणि जवळजवळ दोनशे खेचरे लागली. हे हत्ती मुंबईहून गेलेले. गड जाळला, तोफा फोडल्या आणि फौज परत फिरली. जूनपर्यंत किनारा रिकामा झाला. इंग्रजांनी देश ठेवून घेतला नाही. नेपियर 'मॅगदलाचा लॉर्ड नेपियर' झाला. ज्या पत्राच्या उत्तराला एक तिकीट पुरले असते, त्यासाठी ब्रिटिश खजिन्याचे नव्वद लाखांच्या जवळपास पौंड गेले.

पण सगळे पैसे ब्रिटिश खजिन्याचे नव्हते. मोहिमेचा जादा खर्च इंग्लंडने द्यायचा आणि हिंदी फौजेचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतूनच चालू ठेवायचा, असे पार्लमेंटने ठरवले. म्हणजे शिपाई लढणार इंग्लंडसाठी आणि पगार देणार इथला शेतकरी. १८६७ च्या नोव्हेंबरमध्ये दादाभाई नौरोजींनी लंडनच्या ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे याच विषयावर निबंध वाचला आणि हा भार हिंदुस्थानवर टाकणे अन्यायाचे आहे असे सांगितले. पुढे ज्याला आपण संपत्तीच्या अपहाराचा सिद्धांत म्हणतो, त्याच्याशी या युद्धाचा हिशेब जुळणारा आहे.

*

तेवोद्रोसला अलेमायेहू नावाचा सात वर्षांचा मुलगा होता. इंग्रज त्याला आणि त्याच्या आईला घेऊन निघाले. आई वाटेतच वारली. मुलगा इंग्लंडला गेला, आपल्या पालक अधिकाऱ्याबरोबर काही काळ हिंदुस्थानातही राहिला, आणि १८७९ मध्ये अठराव्या वर्षी इंग्लंडमध्ये वारला. विंडसरच्या चर्चमध्ये त्याला पुरले आहे. इथिओपियाने त्याच्या अस्थी परत मागितल्या. २०२३ मध्ये बकिंगहॅम राजवाड्याने नकार दिला. तेवोद्रोसच्या केसांच्या बटा मात्र लंडनच्या एका लष्करी संग्रहालयाने २०१९ मध्ये परत केल्या.

आम्ही रत्नागिरीकर ही गोष्ट सहज समजू शकतो. १८८५ मध्ये ब्रह्मदेश घेतल्यावर इंग्रजांनी राजा थिबाला पुढच्या वर्षी आमच्या गावात आणून ठेवले. १९१६ मध्ये तो इथेच वारला. थिबा पॅलेस पाहायला शाळेच्या सहली येतात. मुलांना सांगतात, परका राजा, घरची आठवण काढत इथे मेला. ऐकताना मुलेही गप्प होतात. अलेमायेहूची गोष्ट तीच आहे, पण त्याचे राज्य बुडवायला गेलेल्यांत आपली माणसे होती. थिबाबद्दल आपल्याला कळवळा वाटतो. अलेमायेहूबद्दल आपण काही तरी देणेही लागतो.

मुंबईच्या तिसऱ्या आणि दहाव्या पलटणींच्या निशाणावर 'अ‍ॅबिसिनिया' हा सन्मान चढला. पुढे या पलटणी मराठा लाइट इन्फंट्रीच्या परंपरेत आल्या. त्याच पलटणींत रक्त सांडलेल्या महारांना मात्र १८९२ च्या सुमारास भरती बंद झाली. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती अशी नवी वाटणी सरकारने केली होती. दापोलीत राहणारे पेन्शनर हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये अनार्य दोषपरिहारक मंडळीच्या वतीने सरकारकडे अर्ज तयार केला. आम्ही तुमच्यासाठी लढलो आहोत, आमची भरती का बंद केली, असा त्याचा आशय. त्या अर्जामागे अशीच पदके होती. ज्या घरात दुसरा कोणताच कागद नव्हता तिथे पदक हाच कागद होता. म्हणून ते इतके घासले गेले.

पदक घासणाऱ्या हातांना मी कसा दोष देऊ? आणि ते पदक कशाचे आहे हे न सांगता कसा गप्प बसू? इतकी वर्षे वाचून मला एवढेच कळले की दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या शिपायाने माणूसपण कमावले ते पलटणीत आणि त्याच पलटणीने त्याला दुसऱ्याचे घर मोडायला नेले. यातली एक गोष्ट लपवून दुसरी सांगणारा लेख मला लिहिता आला असता. तो वाचायला सोपा झाला असता, इतकेच.

इथिओपियाने पुढे काय केले तेही सांगितले पाहिजे. तेवोद्रोसने मॅगदलावर कैदेत ठेवलेला आणि १८६५ मध्ये तिथून निसटलेला मेनेलिक पुढे सम्राट झाला. १ मार्च १८९६ रोजी अडवाच्या लढाईत त्याने इटलीच्या फौजेचा धुव्वा उडवला. मॅगदलाच्या पराभवातून तो देश शिकला होता. यावेळी सरदार एकत्र होते आणि बंदुका नव्या होत्या.

*

हे सगळे मी आजींना गेल्या वर्षी सांगितले. त्या ओटीवर बसून तांदूळ निवडत होत्या. राजा, पत्र, बंदुका, हत्ती, सगळे ऐकले. मधे एकदाच थांबवले.

"पोराची आय वाटंत गेली?"

"हो."

"आनि पोर परत घरी गेला नाय?"

"नाही."

त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग विचारले, "आनि ह्यो आमचा?"

मी सांगितले, हे पदक मॅगदलापर्यंत गेलेल्यांनाही मिळाले आणि झुलाच्या बंदरात राहिलेल्यांनाही. तुमचा आजा रस्ता फोडत होता की पहाऱ्यावर होता की गडाखाली उभा होता, ते त्याच्या पलटणीच्या नावावरून कळले असते. नाव घासून गेले.

"म्हंजे आमीच घालवलाव," त्या म्हणाल्या.

यंदा १३ एप्रिलला मी मुद्दाम गेलो. घर सारवलेले होते, दारात निळे झेंडे लागले होते. पदक बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली पाटावर ठेवले होते. चांदी काळवंडली होती. मी नातवाला विचारले. तो म्हणाला, आजीने सांगितलंय, यापुढे राख लावायची नाही, नुसते पुसायचे.